'लेक टच' म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

पवना, पानशेत, मुळशी, गंगापूर. धरणाकाठच्या प्लॉटची जाहिरात दिसली की किमतीआधी एक प्रश्न विचारायचा: हा फोटो कोणत्या महिन्यातला? डोंगर हिरवेगार, आभाळ धुतल्यासारखं आणि पाणी कुंपणापासून दहा पावलांवर असेल, तर तो सप्टेंबरचा किंवा फार तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याचा. तोच कॅमेरा मे महिन्यात त्याच दगडावर ठेवून बघा. समोर भेगाळलेला गाळ, कुणाच्या तरी जुन्या विहिरीचं कडं, चरणारी गुरं आणि लांबवर चकाकणारी एक पट्टी. ती पट्टी म्हणजे जाहिरातीतलं 'लेक'.

एजंट खोटं बोललेला नसतो. पाणी तिथपर्यंत येतंच. पण वर्षातले किती दिवस येतं, आणि येतं ती जमीन कुणाची, हे तो आपणहून सांगत नाही. अशा जागेवर दोन रेषा असतात. एक पाण्याची, ती रोज सरकते. दुसरी कागदावरची, ती धरण झालं तेव्हाच ठरलेली असते. घर बांधणाऱ्याचं भांडण बहुतेक वेळा दुसरीशी होतं, आणि प्लॉट घेताना तो बघत असतो फक्त पहिलीकडे.

माठ, तोटी आणि खूण

महाराष्ट्रात मोठी नैसर्गिक सरोवरं जवळजवळ नाहीतच. लोणार हे सगळ्यांना माहीत असलेलं एक. बाकी आपण ज्याला कौतुकाने लेक म्हणतो ते धरणाने अडवलेलं नदीचं पाणी असतं. ते कुणीतरी, कशासाठी तरी साठवलेलं असतं, आणि वापरायचं म्हणूनच साठवलेलं असतं. नैसर्गिक तळ्याचं पाणी पाऊस आणि ऊन ठरवतात. धरणाचं पाणी ठरवतात कालवा, शहराचा नळ आणि वीजघर.

धरणाच्या पातळ्या समजून घ्यायला घरातला तोटीचा माठ पुरतो. तोटीच्या खाली जे पाणी उरतं ते एरवी बाहेर येत नाही, तो मृतसाठा. तोटीपासून वर एका ठरलेल्या खुणेपर्यंतचं पाणी म्हणजे उपयुक्त साठा. ती खूण म्हणजे पूर्ण संचय पातळी, अभियंत्यांच्या तोंडी एफआरएल. खुणेच्या वर काठापर्यंत थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, एकदम मोठा पूर आला तर पाणी तात्पुरतं चढायला. त्या चढण्याची कमाल मर्यादा म्हणजे महत्तम पूर पातळी, आणि तिच्याही वर धरणाचा माथा.

वर्तमानपत्रात रोज छापून येणारी टक्केवारी बहुधा उपयुक्त साठ्याची असते. म्हणून तर 'उजनी वजा' हा शब्दप्रयोग सोलापूरकरांच्या अंगवळणी पडलाय. उजनीचा मृतसाठाच सुमारे ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. म्हणजे बातमीत शून्य टक्के छापलं असलं तरी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं. २०२४ च्या उन्हाळ्यात ते वजा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यातही खोलवर, उतरलं होतं. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर.)

टक्के म्हणजे उंची नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. दरी वर रुंद आणि खाली अरुंद असते. धरण शंभरावरून नव्वदवर आलं तर पातळी थोडीच उतरते; तळाकडे जाताना तेवढ्याच पाण्यासाठी ती कितीतरी जास्त उतरते. 'अजून चाळीस टक्के आहे' या बातमीवर विश्वास ठेवून मित्रांना काठावर जेवायला बोलावणाऱ्यांची फसगत होते ती यामुळे.

आता ही उतरलेली उंची जमिनीवर किती लांब दिसते, ते उतारावर अवलंबून आहे. शंभर मीटर चाललं की एक मीटर उतरणारी जमीन असेल, तर पाणी एक मीटर खाली गेल्यावर काठ शंभर मीटर लांब जातो. उजनी आणि जायकवाडी पठारावरची, उथळ आणि पसरलेली धरणं. जायकवाडीचा नाथसागर भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या घरात पसरतो. तिथे काठ किलोमीटरच्या हिशेबात मागेपुढे होतो. उजनीत बुडालेलं पळसदेवचं जुनं मंदिर पाणी ओसरलं की उघडं पडतं आणि लोक चालत दर्शनाला जातात. सह्याद्रीतल्या अरुंद, खोल दऱ्यांमधल्या धरणांचं उलटं. कोयनेची पूर्ण पातळी २,१६३ फुटांच्या थोडी वर आहे. कमी पावसाच्या वर्षानंतर जूनमध्ये तिथलं पाणी शंभर फुटांहून जास्त खाली गेलेलं असतं, पण तीव्र चढामुळे काठ आडवा तितका लांब जात नाही. तिथे पाणी दिसत राहतं. फक्त खाली, मुरमाच्या तांबड्या पट्ट्याच्या तळाशी. हा पट्टा कुठल्याही जाहिरातीत नसतो.

तुमचं पाणी कुणाच्या हातात?

पुण्याजवळचीच साखळी घ्या. खडकवासला १.९७ टीएमसी, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२ आणि टेमघर ३.७१. चारही मिळून २९.१५ टीएमसी. यातलं खडकवासला सगळ्यात खालचं आणि सगळ्यात लहान. शहराला आणि कालव्याला पाणी तिथून सुटतं, आणि त्यातलं घटलं की वरच्या पानशेत-वरसगावातून भर टाकली जाते. परिणाम असा की खडकवासल्याचा काठ त्यातल्या त्यात जागेवर राहतो आणि पानशेत-वरसगावचा काठ उन्हाळाभर उतरत जातो. दोन्हीकडचे प्लॉट 'लेक व्ह्यू' या एकाच नावाने विकले जातात. पुण्याच्या पेठेत कुणीतरी नळ उघडतो आणि चाळीस किलोमीटरवरचा कुणाचा तरी 'व्ह्यू' बोटभर खाली सरकतो, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

टेमघरचं उदाहरण तर फार बोलकं आहे. २०१६ मध्ये त्या धरणाच्या भिंतीतून मोठी गळती होत असल्याचं समोर आलं, आणि दुरुस्तीसाठी पुढे ते पावसाळ्यानंतर रिकामं करावं लागलं. धरणाची भिंत वाचवायची म्हणजे तलाव आटवायचाच. काठावर कुणाचं घर आहे हा विचार त्यात येत नाही, यायचं कारणही नाही.

पाण्याचं वर्षाचं नियोजन १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर ठरतं. तोवर पाऊस संपलेला असतो, धरणात काय आलं ते कळलेलं असतं. मग कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. रब्बीला कालव्याची किती आवर्तनं (पाण्याच्या पाळ्या), उन्हाळ्याला किती, पिण्यासाठी राखून किती. काठावर घर असलेल्याने हौस म्हणून का होईना, आपल्या धरणाच्या त्या बैठकीची बातमी वाचावी. आपल्या व्हरांड्यातून डिसेंबरात काय दिसणार ते तिथे ठरलेलं असतं.

कधी कधी निर्णय आणखी लांबून येतो. नाशिक-नगरकडच्या गंगापूर, दारणा, मुळा, भंडारदरा, निळवंडे या धरणांचं नातं थेट जायकवाडीशी आहे. समन्यायी पाणीवाटपाच्या तत्त्वावर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं त्याचं सूत्र. २०२३ मध्ये अशाच तुटीच्या वर्षी ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यावर मराठवाडा आणि नाशिक-नगर यांच्यात जे व्हायचं ते झालं, ते सगळ्यांनी वाचलंय. काठावरच्या घरमालकासाठी मुद्दा एवढाच की त्याच्या तलावाची पातळी दीड-दोनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या तलावावर ठरू शकते.

पावसाळ्यातही धरण लगेच भरून घेत नाहीत. कोणत्या तारखेला पाणी कुठपर्यंत असू द्यायचं याचं वेळापत्रक असतं. जुलैत पुरासाठी जागा रिकामी ठेवायची, म्हणून धरण भरलेलं नसतानाही दरवाजे उघडून विसर्ग सुरू होतो. गावात लोक म्हणतात, 'भरलं नाही तोवर सोडलं कशाला?' तर त्यासाठी.

टाटांची धरणं वेगळी धरा. मुळशी, ठोकरवाडी, शिरवता, वळवण ही विजेसाठी बांधलेली, पाणी घाटाखाली पश्चिमेला उतरतं. त्यांची पातळी विजेच्या गरजेने चालते, आणि काठच्या संपादित जमिनीबाबत विचारायचं ते पाटबंधारे खात्याला नव्हे, कंपनीला. शंभर वर्षांपूर्वी याच जमिनींसाठी मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. तिथल्या 'लेक टच' या शब्दाला तेवढा जुना तळ आहे.

कुंपण आणि पाणी यांच्यामधली जमीन

आता दुसरी रेषा. धरण बांधताना सरकार बुडीत क्षेत्राची जमीन संपादित करतं. साधारण हिशेब असा की जमीन पूर्ण संचय पातळीपर्यंत घेतात आणि राहती घरं त्याहून वरच्या पूर पातळीपर्यंत. प्रत्यक्षात प्रत्येक धरणाची संपादन रेषा वेगळी असते. कुठे ती पातळीला चिकटून जाते. कुठे अख्खा गट नंबर घेतलेला असतो आणि त्याचा वरचा कोरडा तुकडाही सरकारचाच असतो. तुम्हाला पाण्यापासून बराच वर, झाडीत, 'कधीच बुडत नाही' असा तुकडा दाखवतात तो नेमका यातला निघू शकतो.

म्हणजे आपल्याकडे काठावरच्या खासगी मालकाची जमीन बहुधा पाण्याला भिडतच नाही. तुमचं कुंपण, मग संपादित पट्टा, मग पाणी. उन्हाळ्यात पाणी उतरलं म्हणून तुमची जमीन वाढत नाही. नदी, नाले, तलाव यांचे तळ, ज्यांच्यावर इतर कुणाची मालकी सिद्ध नाही, ते राज्य शासनाचे, असं महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० मध्येच आहे. संपादित जमिनीचा तर प्रश्नच नाही.

आणि ती उघडी पडलेली जमीन बेवारसही नसते. तिला नाव आहे: गाळपेर. पाणी ओसरत जातं तशी मागे राहिलेल्या ओलीवर हरभरा, गहू, ज्वारी, कुठे कलिंगड पेरतात. जलसंपदा विभाग ही जमीन हंगामापुरती भाड्याने देतो, त्यात धरणग्रस्तांना प्राधान्य असतं. २०१८-१९ च्या दुष्काळात याच जमिनींवर चाऱ्याची पिकं घ्यायचं धोरण सरकारने आखलं होतं. तेव्हा डिसेंबरात तुमच्या कुंपणाबाहेर कुणी नांगर धरला तर त्याला 'आमच्या समोरची जागा आहे' म्हणून हटकण्याआधी विचार करा. त्याच्याकडे परवाना असण्याची शक्यता आहे. त्याच्या आजोबांचं घर त्याच पाण्याखाली असण्याचीही. पवनेसारख्या ठिकाणी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं रखडलेला आहे आणि काठावर मात्र बंगले उभे राहिलेत. हे चित्र मला तरी नीट पचत नाही.

'बारा वर्षं ताबा आहे, आता काय काढतंय सरकार' हे वाक्य काठावर फार ऐकू येतं. बारा वर्षांचा हिशेब खासगी मालकाविरुद्धचा. सरकारविरुद्ध दाव्याची मुदत तीस वर्षांची आहे, आणि तीही नुसतं कुंपण घातलं म्हणून तुमच्या बाजूने आपोआप लागत नाही. त्यात दरवर्षी दोन महिने पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीवर सलग ताबा कसा सिद्ध करणार, हे वकिलालाच विचारा.

फुगवटा, आणि निळी-लाल रेषा

पाणी नेहमी सपाट राहतं असं आपण धरून चालतो. स्थिर तलावात ते खरं. पण धरणाच्या शेपटाकडे, जिथे नदी तलावात शिरते, तिथे पुराच्या दिवसांत नदीला पुढे जायला जागा लागते आणि पुढे तलाव भरून उभा असतो. पाणी मागे चढतं. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, फुगवटा. भिंतीपाशी पूर्ण संचय पातळी गाठलेली असताना शेपटाकडे पाणी त्याहून वर असू शकतं. सांगली-कोल्हापूरकरांना हे सांगायला नको. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटर ठेवायची की ५२४.२५६ करायची, यावर दोन राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालू आहे, आणि त्या वादाच्या मुळाशी फुगवट्याचीच भीती आहे. प्लॉट धरणाच्या शेपटाला असेल तर एफआरएलचा आकडा एकटा पुरत नाही, हे लक्षात ठेवायचं.

इथेच निळी आणि लाल रेषा मध्ये येते आणि लोक गोंधळतात. या दोन्ही पूररेषा मुळात नदीच्या. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार, सरासरी २५ वर्षांत एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट पूर, यातला जो मोठा त्याची निळी रेषा. १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदीपात्रापासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र: बाग, वाहनतळ, मोकळी मैदानं अशा गोष्टी चालतात, नवं घर नाही. निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिथे बांधकाम करायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या किमान ४५ सेंटिमीटर वर हवं.

'२५ वर्षांत एकदा' याचा अर्थ मागच्या वर्षी आला म्हणजे आता पंचवीस वर्षं निवांत, असा नाही. दरवर्षी चार टक्के शक्यता, एवढाच. फासा दरवेळी नव्याने पडतो.

तर धरणाच्या मुख्य काठावर तुम्हाला बघायची ती पूर्ण संचय पातळी, महत्तम पूर पातळी आणि संपादन रेषा. धरणाच्या शेपटावर नदीकाठी किंवा धरणाखाली नदीकाठी असाल तर निळी-लाल रेषा. एजंट एकीकडचा कागद दाखवून दुसरीकडची शंका मिटवत असेल तर थांबा.

रेषा जमिनीवर कशी आणायची

कागदावर आकडा असतो, समजा ६१० मीटर. तो तुमच्या शेतात कुठल्या दगडावर येतो?

मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप यासाठी निरुपयोगी. डीजीपीएसने (उपग्रहांवर चालणाऱ्या मोजणी यंत्राने) मोजणी करणाऱ्यालाही एक गोष्ट विचारून घ्या. ते यंत्र मुळात उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आणि आपल्या भागात या दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. जाणकार मोजणीदार तो फरक करूनच आकडा देतो. पण मी चुकीच्या आकड्यावर काढलेले सुबक रंगीत नकाशे बघितलेत. शिवाय धरणाच्या पातळ्या बांधकामाच्या वेळच्या खुणेवरून धरलेल्या असतात. त्यामुळे सगळ्यात चांगलं म्हणजे धरणावरच्याच खुणेपासून लेव्हल घेणं.

याहून सोपा, फुकटचा आणि खोटं न बोलणारा उपाय निसर्गाने देऊन ठेवलाय. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची लेव्हल जुळवतो, तसंच. ज्या दिवशी तुमचं धरण शंभर टक्के भरल्याचं खातं जाहीर करतं, त्या दिवशी वारा पडल्यावर जागेवर जा. पाण्याची कड जिथे टेकली असेल तीच पूर्ण संचय पातळी. तिथे खुंट्या ठोका, फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. शेपटाकडे, नदीच्या धारेजवळ हे चालत नाही, फुगवट्यामुळे. आणि उजनीसारखं धरण असेल तर शंभरावर न थांबता १११ टक्क्यांपर्यंतही भरतात, त्याची खूण वेगळी ठेवा. प्लॉट बघायला लोक हिवाळ्यात जातात, हवा छान म्हणून. दोनदाच जायचं असेल तर एकदा धरण भरल्याच्या दिवशी आणि एकदा मेच्या शेवटी.

आता कागद. नुसता सातबारा बघून समाधान मानू नका. जुन्या संपादनांत पैसे दिले गेले, पाणी भरलं, पण सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. मग पुढच्या पिढीने ती जमीन प्रामाणिकपणे किंवा अप्रामाणिकपणे विकली. म्हणून संपादनाचा निवाडा आणि भूमी अभिलेख कार्यालयातलं कमी-जास्त पत्रक मागा, ज्याला सगळे 'कजाप' म्हणतात. त्यात गटातलं किती क्षेत्र गेलं आणि किती उरलं ते असतं. मग सरकारी मोजणी आणा आणि तिच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. संपादन हद्दीचे दगड जागेवर आहेत का बघा. नसतील तर ते का नाहीत हाही प्रश्नच आहे. इतर हक्काच्या रकान्यात काय लिहिलंय, भोगवटादार वर्ग २ आहे का, हे वाचा. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय खरेदी टिकत नाही. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी असावा लागतो, १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे.

आणि खरेदीखतातली चतुःसीमा. तिथे 'पश्चिमेस: धरणाचे पाणी' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ काव्यात्म आहे, कायदेशीर नाही. पाणी ही हद्द होऊ शकत नाही, ते मेमध्ये अर्धा किलोमीटर लांब असतं. तिथे 'पाटबंधारे विभागाची संपादित जमीन' आणि तिचा गट नंबर हवा.

काठावर काय करता येतं

भराव घालून प्लॉट 'सरळ' करून घेणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. संपादित पट्ट्यात टाकलेली मातीची प्रत्येक गाडी ही सरकारी जमिनीवरचं अतिक्रमण तर आहेच, शिवाय धरणाच्या साठ्यातून तेवढं पाणी कमी करते. खात्याची नोटीस आली की भराव स्वखर्चाने काढावा लागतो. लॉन, गझेबो, काँक्रीटचा रॅम्प, बोट लावायचा धक्का, सगळं याच हिशेबात.

स्वतःच्या हद्दीत संरक्षक भिंत घालायची असेल तर एक तांत्रिक गोष्ट. तलाव भरलेला असताना काठाची माती आतपर्यंत भिजलेली असते आणि पाण्याचाच तिला बाहेरून आधार असतो. विसर्ग वाढून पाणी झपाट्याने उतरलं की आधार जातो, पण मातीतलं पाणी तेवढ्या वेगाने निघत नाही. ओला, जड काठ ढासळतो. भिंतीला पाणी निघायची भोकं आणि मागे खडीचा थर नसेल तर ती पुढे झुकते. तसंच काठाजवळचं भूजल तलावाबरोबर वर चढतं. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत वाटलेला शोषखड्डा सप्टेंबरात पाण्याने भरलेला मिळतो, आणि त्यातली घाण सरळ तलावात जाते. खडकवासल्याच्या साखळीत ती पुढे पुणेकरांच्या पिण्यात. म्हणून सेप्टिक टाकी पाण्यापासून जितकी लांब आणि वर नेता येईल तितकी न्या.

बागेसाठी तलावात पंप टाकायचा तर जलसंपदा विभागाची परवानगी आणि पाणीपट्टी लागते. समोर पाणी आहे म्हणून ते आपलं, हा समज तिथेही चालत नाही.

पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांची भीती कधी कधी दाखवतात. त्यात, मागच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूर पातळीपासून ५० मीटरांत पक्कं बांधकाम नको, असं आहे. पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळीच्या व्याख्येतून वगळलेत. तरी आंधळेपणाने सूट धरू नका. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यामुळेच तयार झालेलं आहे आणि रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही, आहे. कोकणात आणि गोव्यात 'बॅकवॉटर' म्हणतात ती बहुधा खाडी असते. तिथे भरती-ओहोटीचं पाणी, म्हणून सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे नियम. तो स्वतंत्र विषय.

महाराष्ट्राबाहेर प्लॉट असेल तर तिथली रेषा वेगळी. हैदराबादेत तलावाची पूर्ण पातळी आणि तिच्यापुढे दहा हेक्टर किंवा मोठ्या तलावांना ३० मीटरचा मोकळा पट्टा. २०२४ मध्ये तिथे तलावकाठची बांधकामं पाडली गेली तेव्हा अनेकांना हा नियम पहिल्यांदा कळला. मिशिगनमधल्या मराठी मंडळींचं आणखी निराळं. तिथली महासरोवरं नैसर्गिक. मिशिगन-ह्यूरॉन सरोवराची १९८६ ची विक्रमी उच्च पातळी आणि २०१३ ची विक्रमी नीच पातळी यात फरक जेमतेम १.९ मीटर, म्हणजे आपल्या पानशेतच्या हिशेबात किरकोळ. पण तेवढ्यात किनाऱ्यावरची घरं पाण्यात गेली. तिथे खासगी मालकी पाण्याच्या दिशेने पुढे जाते, तरी नेहमीच्या उच्च जलरेषेच्या खालच्या वाळूवरून कुणीही चालत जाऊ शकतो, असा निकाल मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. आपल्याकडे कुंपणाबाहेरून गुराखी जातो, तिकडे कुत्रा घेऊन फिरायला निघालेला माणूस.

ज्यांनी आधीच घर बांधलंय आणि आता हा लेख वाचताना कुंपणाबद्दल शंका येतेय, त्यांनी नोटिशीची वाट बघू नये. मोजणीचा अर्ज करा; तातडीची फी भरली तर ती लवकर होते. कुंपण संपादित हद्दीत गेलेलं निघालं तर ते आपणच मागे घेतलेलं स्वस्त पडतं. तार आणि सिमेंटचे खांब काढायला दोन मजूर आणि एक दिवस पुरतो. मोजणीसाठी तारीख मागताना मात्र पावसाळ्यानंतर लगेचची मागू नका. ऑक्टोबरात पाणी हद्दीच्या दगडांपर्यंत आलेलं असू शकतं, आणि मोजणीदार काठावर उभा राहून परत जातो.